बिनखाडाखोडीची वही

मंदाकिनी घैसास हे नाव काढलं की पुण्यातले निदान हजारभर इलेक्ट्रिशियन अजूनही हातातलं काम ठेवून सरळ उभे राहतात. बाईंनी एकतीस वर्षं शहरातल्या एका आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवला, आणि त्या एकतीस वर्षांत खाडाखोड असलेलं एकही जर्नल पास केलं नाही. जर्नल म्हणजे प्रयोगवही. पानावर एक शब्द जरी खोडलेला दिसला तरी बाई लाल पेनाने सबंध पानावर तिरकी रेघ मारत आणि शांतपणे म्हणत, "छान. आता हेच पुन्हा लिहून आण, माणसासारखं." ओरडणं नाही, आदळआपट नाही. पोरांना ते ओरडण्यापेक्षा जास्त लागायचं.

त्यामुळे बाईंच्या वर्गात प्रत्येकाच्या दोन वह्या असत. कच्च्या वहीत खरं काय झालं ते, म्हणजे कुठली वायर उलटी लागली, कुठला फ्यूज उडाला, कोण कोणावर खेकसलं. पक्क्या वहीत फक्त जे व्हायला हवं होतं ते. वर्ष संपलं की कच्ची रद्दीत जायची आणि पक्की कपाटात. इन्स्पेक्शनला येणारे साहेब ती पक्की जर्नलं चाळून "वा!" म्हणत आणि बाई "हं" म्हणत. कौतुक झालं की बाईंकडून एवढंच मिळायचं.

आता बाई एकसष्ट वर्षांच्या आहेत. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. शनिवार पेठेत तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्या आणि पोस्टातून निवृत्त झालेले माधवराव असे दोघंच राहतात. माधवरावांना घरात साधा बल्ब बदलायचीही परवानगी नाही. "तुम्ही तिकिटं चिकटवा," असं त्यांना लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगून झालं होतं आणि त्यांनी ते अगदी आनंदाने मान्य केलं होतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी पूर्णिमाचा फोन आला. पूर्णिमा गावंडे ही बाईंच्या शेवटच्या बॅचची. चोवीस मुलगे आणि दोन मुली, त्यातली एक ही. वडील बुलढाण्याहून पुण्याला आलेले, खराडीतल्या एका आयटी पार्कात लिफ्ट सांभाळत. आपली पोरगी वरच्या मजल्यावर एसीत बसावी अशी त्यांची फार इच्छा. पोरीला त्या एसीला वीज कुठून येते ते बघायचं होतं. तिने आयटीआय केलं, वर्षभर पॅनेल जोडायच्या वर्कशॉपमध्ये काम केलं, संध्याकाळी जर्मन शिकली, परीक्षा दिली, आणि जर्मनीतल्या एका लहान गावातल्या बारा माणसांच्या कंपनीने व्हिडिओवर मुलाखत घेऊन तिच्याशी करार केला.

तिकडे ट्रेड शिकायची तऱ्हाच वेगळी. आधी कंपनीशी करार, मगच शिक्षण. आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीच्या माणसांबरोबर साइटवर काम, एक-दोन दिवस शाळेत. महिन्याला विद्यावेतन मिळतं, त्यात खोलीचं भाडं आणि पोट दोन्ही भागतं. असं साडेतीन वर्षं. मधे एक परीक्षा, शेवटी एक. दोन्ही पार पडल्या की जे सर्टिफिकेट हातात येतं त्यावर त्या देशात कुठेही इलेक्ट्रिशियन म्हणून ताठ मानेने उभं राहता येतं. पण सगळा डोलारा त्या करारावर. करार गेला की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की विमानात बसा. पूर्णिमा निघण्याआधी पाया पडायला आली होती तेव्हा बाईंनी तिला एकच उपदेश केला होता, "अक्षर नीट काढ."

"बाई, झालीय गडबड," पूर्णिमा फोनवर म्हणाली. "माझ्या वहीवर सही मिळत नाहीये."

"कसली वही?"

"इथे दर आठवड्याला लिहावी लागते. काय काम केलं, काय शिकलो. आमचे माइस्टर, म्हणजे कंपनीतले मुख्य कारागीर, तेच आम्हाला शिकवतात, ते वाचून सही करतात. सगळ्या सह्या असल्याशिवाय मधल्या परीक्षेला बसता येत नाही. फॉर्म भरायची मुदत पुढच्या शुक्रवारपर्यंत आहे. आणि त्यांनी नोव्हेंबरपासून एकही सही केली नाहीये."

"का? अक्षर बिघडलं का तुझं?"

"नाही हो बाई. तुम्ही बघाच."

पाठोपाठ वहीचे फोटो आले. बाईंनी चष्मा लावला. जर्मन त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण पान कळत होतं. समासाची रेघ सरळ, आकृत्या पेन्सिलीत, अक्षर मोत्यासारखं, आणि दीड वर्षात एक खाडाखोड नाही! बाईंचा ऊर भरून आला. त्यांनी फोन माधवरावांपुढे धरला.

"बघा. याला म्हणतात जर्नल. आणि तो माइस्टर की कोण तो, त्याला सही करायला हात दुखतो."

माधवरावांनी पेपरवरून नजर उचलून पाहिलं. "तुझंच अक्षर वाटतंय," ते म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले. हे कौतुक होतं की चिमटा, ते बाईंना कळलं नाही. माधवरावांचं तसंच असतं.

बाईंनी पुन्हा फोन लावला. "सही न करायला तो कारण काय सांगतो?"

"ते म्हणाले, दीड वर्षात या वहीत एकही चूक नाही. म्हणजे एक तर तू काही शिकत नाहीस, नाहीतर लिहीत नाहीस. खरी वही घेऊन ये, मग सही करतो."

"आगाऊ आहे," बाई म्हणाल्या. पण ते वाक्य त्यांच्या डोक्यातून हलेना. रात्रीची भाजी फोडणीला टाकतानाही ते तिथेच होतं. लागलं होतं ना! एकतीस वर्षांच्या कपाटभर जर्नलांबद्दल कोणीतरी परदेशातून एका वाक्यात मत देऊन टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी पूर्णिमाचा जेवणाच्या सुट्टीत फोन आला तेव्हा बाईंनी विचारलं, "तुझी कच्ची वही आहे का गं?"

"आहे ना. सवयच लागलीय. रद्दीवाला नाहीये इथे, म्हणून सगळ्या पडून आहेत." मग घाईघाईने म्हणाली, "पण ती कशी देणार बाई? मराठी, जर्मन, सगळी खिचडी आहे त्यात. चुका आहेत. एका पानावर मी माइस्टरांना खडूस म्हटलंय."

"ते वाक्य सोड. बाकीचं उतरव. जसं घडलं तसं, चुकांसकट. त्याला तेच हवंय."

"चुकांसकट? बाई, हे तुम्ही सांगताय?"

"मीच सांगतेय. उगाच वाद घालू नकोस."

मग रोज दुपारी, पूर्णिमाच्या सुट्टीच्या वेळी, दोघींची उजळणी सुरू झाली. पूर्णिमा कच्च्या वहीतलं वाचून दाखवी आणि बाई ऐकत. बाईंचा कान असा की जिथे पोरीने काही गाळलं तिथे लगेच अडकायचा. "दोन खोल्यांच्या वायरिंगला पाच तास? काय उलटं लावलं होतंस?" "भिंतीत दुसऱ्यांदा भोक का पाडलं? आधीचं पाण्याच्या पाइपवर गेलं ना?" पूर्णिमा हसायची, कबूल करायची आणि लिहायची. पानंच्या पानं खरी व्हायला लागली. बाईंना चक्क मजा यायला लागली होती. असं शिकवणं त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी त्या नोव्हेंबरपर्यंत पोचल्या. पूर्णिमाने एक ओळ वाचली, "जुन्या घरातली स्वयंपाकघराची वायर काढली. काम व्यवस्थित पूर्ण." आणि पुढच्या आठवड्याचं पान उलटलं.

"थांब," बाई म्हणाल्या. "कच्च्यात एवढंच आहे?"

"हो."

"कच्च्या वहीत 'काम व्यवस्थित पूर्ण' कोणी लिहीत नाही, पूर्णिमा. ते पक्क्यातलं वाक्य आहे. त्याने सही कधीपासून थांबवली?"

पलीकडे वही मिटल्याचा आवाज आला. मग रडण्याचा आवाज.

त्या दिवशी माइस्टरनी तिला वायरमध्ये वीज नाही ना, हे मीटर लावून बघायला सांगितलं होतं. मेन स्विच बंद केलेला होता, घाई होती, तिने मीटर काढलाच नाही. "बघितलंस?" त्यांनी विचारलं. ती "हो" म्हणाली. त्यांनी पक्कड लावली आणि फाडकन ठिणगी उडाली. त्या जुन्या घरात स्वयंपाकघराला दुसरीकडूनही लाइन आलेली होती. पकडीचं टोक जळालं, त्यांना काही झालं नाही. "बघितलं होतंस ना?" त्यांनी पुन्हा विचारलं. आणि ती पुन्हा म्हणाली, "हो. मीटर शून्य दाखवत होता."

"मग त्यांनी तो मीटर दुरुस्तीला पाठवला, बाई. आठ दिवसांनी परत आला. त्यात काहीच बिघाड नव्हता."

म्हणजे माइस्टरला माहीत होतं. तीन महिने तो माणूस एका पानाची वाट बघत होता.

"लिही ते," बाई म्हणाल्या.

"काढून टाकतील मला. खोटं बोलले मी. सरळ करार रद्द करतील. पप्पांनी त्यांच्या आयटी पार्कात सगळ्यांना सांगितलंय माझ्याबद्दल. मी नाही लिहू शकत बाई." मग हुंदका गिळून तिने विचारलं, "तुमच्या हातून कधी असं झालंय?"

बाई खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटर मागे घेत होतं. नाही म्हणणं सोपं होतं. एकवीस वर्षं त्या तेच करत आल्या होत्या.

"झालंय," त्या म्हणाल्या.

दोन हजार चार साल. इन्स्पेक्शनची गडबड. दत्तोबा शेलार नावाचा अठरा वर्षांचा मुलगा, वर्गातला सगळ्यात हुशार हात, शिडीवर चढून भिंतीवरची विजेची पेटी जोडत होता. "बाई, मेन पाडला का?" त्याने वरून विचारलं. "पाडलाय, कर सुरू," बाई म्हणाल्या. वर्कशॉपला दोन मेन होते आणि त्यांनी घाईत भलताच पाडला होता. पोरगा शिडीवरून फेकला गेला. उजवं मनगट मोडलं. माणसं धावत यायच्या आत बाईंनी योग्य तो मेन खाली ओढला. कोणी पाहिलं नाही. हॉस्पिटलात त्या रोज डाळिंबं घेऊन जात होत्या. तिथे त्याने विचारलं, "बाई, कसं झालं असंल वो?" आणि बाई म्हणाल्या, "तुझा हात बहुतेक दुसऱ्या पेटीत गेला." एवढं एकच वाक्य. त्याच्या जर्नलात शेवटच्या पानावर बाईंनीच निष्कर्ष लिहून टाकला, जोडणी व्यवस्थित कार्यान्वित. दत्तोबा परत वर्गात आला नाही.

"त्याला नंतर कधी सांगितलंत?" पूर्णिमाने विचारलं.

"नाही."

"बाई, तुम्हाला एकवीस वर्षांत जमलं नाही," पूर्णिमा म्हणाली. आवाजात उद्धटपणा अजिबात नव्हता, नुसती भीती होती. "मी शुक्रवारपर्यंत कसं लिहू?"

बाईंना आधी राग आला, मग लाज वाटली. शेवटी त्या म्हणाल्या, "मी उद्या जाते त्याच्याकडे. कुठे असतो ते ठाऊक आहे मला. मी सांगितलं की तू लिहायचंस. कबूल?"

"कबूल," पूर्णिमा अगदी हळू म्हणाली.

दत्तोबाची विश्रांतवाडीत आळंदी रस्त्याला नर्सरी आहे. आठ वर्षांपूर्वी बाई, ती कोणाची ते माहीत नसताना, तिथे कढीपत्त्याचं रोप घ्यायला गेल्या होत्या. त्याने ओळखलं, पैसे घेतले नाहीत, वर गिऱ्हाइकांना हौसेने सांगितलं, "ह्या आमच्या बाई हायेत. लय कडक!" बाई ते रोप घेऊन घरी आल्या त्या पुन्हा त्या रस्त्याला फिरकल्या नव्हत्या. रोप मात्र फोफावलं होतं. माधवराव रोज आमटीत पानं बाजूला काढत म्हणायचे, "दत्तोबाची कृपा."

गुरुवारी सकाळी माधवरावांनी विचारलं, "मी येऊ का बरोबर?" बाईंनी आदल्या संध्याकाळी त्यांना सगळं सांगितलं होतं, लग्नानंतर छत्तीस वर्षांनी. "नको," बाई म्हणाल्या. "पण विचारलंत ते बरं केलंत."

दत्तोबा मोगऱ्याच्या कुंड्यांना पाणी घालत होता. बाईंना पाहून त्याने धावत खुर्ची आणली, पुसली. बाई बसल्या नाहीत. बसलं तर इकडचं तिकडचं बोलणं सुरू होईल आणि राहूनच जाईल, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. दोन मेन होते. मी चुकीचा पाडला. तुझा हात योग्य त्याच पेटीत होता. मला तेव्हाच माहीत होतं, आणि मी तुझ्याशी खोटं बोलले.

दत्तोबा पाण्याचा पाइप हातात धरून उभा राहिला. पाणी एकाच कुंडीत पडत राहिलं, भरून वाहायला लागलं.

"म्हंजी माझी चूक नव्हती?" त्याने विचारलं.

"नव्हती."

"मी तर सगळ्यास्नी सांगत आलो," तो म्हणाला. "बापाला सांगितलं, बायकोला सांगितलं. आपल्याला इजेचं काम झेपत न्हाई, आपला हात भलतीकडंच जातो. बाप बोलला, तुझ्या डोक्यात माती हाय, मग मातीतच राब. मला ते पटलं व्हतं." त्याने उजव्या मनगटाकडे पाहिलं. "मला ते पटलं व्हतं, बाई."

"मला क्षमा कर, दत्तोबा."

त्याने पाइप खाली ठेवला, नळ बंद केला. "बरं," एवढंच म्हणाला आणि मागच्या शेडमध्ये निघून गेला. बाई दहा मिनिटं थांबल्या. तो बाहेर आला नाही. त्यांनी रिक्षा केली आणि घरी आल्या.

दुपारी त्यांनी पूर्णिमाला फोन केला. "सांगितलं."

"मग? काय म्हणाले ते?"

खोटं सांगण्याचा मोह फार झाला. पोरीला धीर आला असता. "बरं म्हणाला आणि आत गेला," बाई म्हणाल्या. "माफ केलं की नाही ते मला माहीत नाही. केलं नसेल तर त्याचं बरोबर आहे."

पूर्णिमा म्हणाली, "मी लिहिते."

तिने ते पान पक्क्या वहीत थेट लिहिलं. तीन ठिकाणी खोडलं, आणि पुन्हा उतरवून काढलं नाही. शुक्रवारी सकाळी माइस्टरसमोर वही ठेवली आणि उभी राहिली. संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा बाईंनी पहिल्याच रिंगला उचलला.

"सही झाली बाई! सगळ्या पानांवर. फॉर्म गेला." ती रडत होती आणि हसतही होती. "आधी ते पान दोनदा वाचत बसले. मग म्हणाले, पुढचे तीन महिने चालू लाइनच्या कामाला तुला हात लावू देणार नाही, आणि रोज सकाळी सगळ्यांचे मीटर तू तपासायचे. ही शिक्षा आहे हं, असंही म्हणाले. आणि सांगितलं की मीटर परत आला त्याच दिवशी ते करार मोडणार होते, पण पोरगी कधीतरी लिहील म्हणून थांबले."

"चांगला माणूस आहे," बाई म्हणाल्या.

"खडूस आहे," पूर्णिमा म्हणाली. "पण चांगला आहे."

बाईंनी फोन ठेवला, माधवरावांना सांगितलं आणि दोघांनी साखर घालून चहा घेतला, एरवी साखर दोघांनाही बंद आहे. पण बाईंचा जीव काही पुरता हलका झाला नाही. दत्तोबाकडून शनिवारी काही कळलं नाही, रविवारी नाही, सोमवारी नाही.

मंगळवारी सकाळी फोन वाजला.

"बाई, दत्तोबा बोलतोय. मीटर हाय का तुमच्याकडं?"

"आहे."

"मग घिऊन या."

नर्सरीच्या मागेच त्याचं घर आहे. स्वयंपाकघरातल्या बोर्डातून दिवाळीपासून ठिणग्या येत होत्या. बायको रोज कोणा ना कोणा मिस्त्रीला बोलावत होती आणि मिस्त्री रोज उद्या येतो म्हणत होता. दत्तोबाने एकवीस वर्षांत घरातल्या एकाही बोर्डाला हात लावला नव्हता. आज त्याने बोर्डाखाली स्टूल ठेवलं होतं. हातात स्क्रूड्रायव्हर होता. उजवं मनगट अजून जरा वाकडंच होतं.

"मेन पाडा, बाई," तो स्टूल धरून म्हणाला.

बाईंनी दाराजवळचा मेन पाडला. पंखा थांबला, फ्रिजची घरघर थांबली.

"आता बगा."

बाईंनी स्टुलावर चढून बोर्ड उघडला, टेस्टर लावला. मग मीटरच्या दोन्ही तारा टेकवल्या. "शून्य," त्या म्हणाल्या.

दत्तोबा हलला नाही. "पुन्यांदा बगा."

बाईंनी पुन्हा बघितलं. प्रत्येक तार वेगळी, एकेक करून, चष्मा पुसून. दारात त्याची बायको हात पुसत उभी होती.

"शून्य आहे, दत्तोबा. मी स्वतः बघितलंय. दुसरा मेन इथे नाही. लाव हात."

बाई खाली उतरल्या तेव्हा त्याने एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग स्टुलावर चढून उजवा हात आत घातला, सैल झालेला स्क्रू बोटांनी चाचपला आणि आवळायला घेतला. तो खाली उतरेपर्यंत बाई दाराजवळच्या मेनवर हात ठेवून उभ्या होत्या.